बारापेडेचं रॉटन वटवाघूळ: डिटेक्टर 15 वर ठेवा
वटवाघळांच्या हाका ऐकवणारा डिटेक्टर गप्प होता म्हणून बारापेडे गुहेतली रॉटनची वटवाघळं गेली, हा तुमचा निष्कर्ष घाईचा वाटतो. डिटेक्टर 40 किलोहर्ट्झवर होता ना? तिथे चुकलं. रॉटनच्या वटवाघळाची (ओटोमॉप्स रॉटनी) हाक साधारण 15 किलोहर्ट्झची, तरुण कानांना नुसतीही ऐकू येईल अशी. हेटरोडाइन प्रकारचा डिटेक्टर डायलवर लावलेल्या कंप्रतेच्या आसपासचंच ऐकवतो. डायल 15 वर आणा, पण काही रातकिडेही तिथेच किरकिरतात, म्हणून रेकॉर्डिंग करून आवाजाचा आलेख पाहिलेला बरा.

तळेवाडीजवळच्या (खानापूर, बेळगाव) या गुहेतल्या नमुन्यांवरूनच 1913 मध्ये या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं. पुढे मेघालय आणि कंबोडियातही नोंदी मिळाल्या. मोठे, पुढे झुकलेले कान आणि पायांमधल्या पडद्याबाहेर आलेली शेपटी ही खूण. मोजणी तिन्हीसांजेला गुहेच्या तोंडाबाहेरूनच करा. आत टॉर्च मारला की थवा उठतो.