एनएफटी विकलं म्हणजे चित्राचा हक्कही विकला का?

धुळ्याचा चितारी
अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची आदिवासींची राजवाडी होळी. तिच्यात नवस फेडायला नाचणारा बुध्या मी टॅबवर काढला होता. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळके भोपळे. नुसत्या पिसांत चार रात्री गेल्या. त्याचं एनएफटी, म्हणजे इंटरनेटवरच्या नोंदवहीतलं एकमेव टोकन, विकलं. परवा तेच चित्र टी-शर्टवर दिसलं, कोपऱ्यातली माझी सही पुसून! घेणारा म्हणतो, माल माझा. मी म्हणतो, त्यानं टोकन घेतलं, छापायचा हक्क नाही.

रावेरचा केळीवाला
काय सांगस भो! घड विकल्यावर त्याचे वेफर करा की शिकरण, शेतकरी विचारायला जातो का? पैसे मोजले, विषय संपला.

जळगावी वकील
दादा, घड खाल्ला की संपतो. चित्राच्या हजार प्रती निघतात, म्हणून तर 1957 चा कॉपीराइट कायदा. कलम 19 प्रमाणे हक्क द्यायचा तर लेखी करार आणि देणाऱ्याची सही लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. टोकनमध्ये बहुतेकदा चित्रसुद्धा नसतं, चित्राचा नेटवरचा पत्ता असतो. सही पुसणं तर आणखी वेगळं. हक्क विकले तरी कलम 57 मुळे नावाचा हक्क कलाकाराकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारनंच करून घेतलेलं, तरी ते काढून खराब केलं म्हणून 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात शिल्पकार अमरनाथ सहगल सरकारविरुद्ध जिंकले.

रावेरचा केळीवाला
मग 2022 पासून एनएफटीच्या नफ्यावर 30 टक्के कर कशाचा घेतात? हातात काहीच नाही म्हणता, तर मालमत्ता कसली?

जळगावी वकील
टोकनची. ते खुशाल पुढे विका. बाकी विक्रीच्या अटींत छपाईची परवानगी दिली असेल, तर चितारीभाऊंचं तोंड बंद. काय लिहिलं होतं?

धुळ्याचा चितारी
'पूर्ण मालकी'. मीच टाइप केलंय.

रावेरचा केळीवाला
घ्या!

अक्कलकुव्याहून
तुमचं चालू द्या. तो टोप आमच्या माणसांचा आहे. त्यामागे नवस असतो, व्रत पाळावं लागतं. काढताना कुणाला विचारलं होतं? त्यानं तुझी सही पुसली. तू आमचं नाव तरी लिहिलं होतंस का?

जळगावी वकील
इथे कायदा हात वर करतो. एका चित्राला कॉपीराइट आहे, परंपरेनं चालत आलेल्या वेशाला नाही.

धुळ्याचा चितारी
नव्हतं लिहिलं. शीर्षक होतं 'ट्रायबल नंबर 7'. ते आता बदलता येतं का, बघतो. नोटिशीचं नंतर.