मेटलाइफला गाडीने जावं की ट्रेनने?

एडिसनहून, यंदाच सभासद झालेली

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी, ३१ ऑगस्ट २०२५ला, इथे न्यू जर्सीत मेटलाइफ स्टेडियमवर ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडचा कार्यक्रम आहे. आमचे हे कॉलेजपासून त्या बँडचे भक्त. २००९ साली बँडमधले दोघे भाऊ भांडून वेगळे झाले, तेव्हा यांनी दोन वेळचं जेवण टाकलं होतं असं सासूबाई अजून सांगतात. आता दोघांचं पुन्हा जमलंय म्हटल्यावर तिकिटं काढणं आलंच. आम्ही दोघं आणि दोन मुलं, धाकटा दहा वर्षांचा.

हे म्हणतात गाडी काढू, मला ट्रेन बरी वाटते. घरात दोन दिवस हाच विषय चाललाय. मंडळातलं कुणी जाऊन आलं असेल तर सांगाल का?

मेटुचेनहून काका

ताई, ट्रेनने जा. पण नीट समजून घेऊन जा.

मेटलाइफला आपल्या स्टेशनवरून थेट गाडी नाही. नॉर्थईस्ट कॉरिडॉरच्या न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या गाडीत बसायचं, सिकॉकसला उतरायचं, वरच्या फलाटावरून खालच्या फलाटावर यायचं आणि तिथून मेडोलँड्सची, म्हणजे स्टेडियमजवळच्या स्टेशनाची, शटल गाडी पकडायची. ही शटल रोज नसते, मोठा कार्यक्रम असला की त्या दिवसापुरती सोडतात. तिथून स्टेडियमपर्यंत दहा-बारा मिनिटं. उतरलात की स्टेडियम समोरच.

तिकीट एडिसन ते सिकॉकस काढू नका, सरळ मेडोलँड्सपर्यंतचं काढा, आणि जाता-येताचं दोन्ही आधीच काढून ठेवा. सिकॉकसला मध्ये गेट आहेत, तिथे तिकीट स्कॅन करावं लागतं. ऐनवेळी फोनवर तिकीट शोधणारा माणूस पुढे उभा असला की मागच्या शंभर जणांच्या शिव्या खातो. सगळी तिकिटं एकाच फोनवर असतील तर चौघांनी एकमेकांना चिकटून चालायचं.

मेट्रोपार्क स्टेशनवरून जाणार असाल तर आणखी एक. तिथे अ‍ॅमट्रॅक ही लांब पल्ल्याची गाडीही थांबते. ती सिकॉकसला थांबत नाही, पुढे न्यूयॉर्कला नेऊन सोडते. फलाटावर आलेली पहिली गाडी दिसली की चढायचं, ही दादर स्टेशनची सवय इथे चालत नाही.

पार्सिपनीहून वहिनी

काकांना एडिसन-मेटुचेनच्या बाहेरही माणसं राहतात हे कुणीतरी सांगा! आमच्याकडून ट्रेनने जायचं म्हणजे द्राविडी प्राणायाम. आम्ही ४६ नंबर आणि पुढे रूट ३ धरून गाडीनेच जातो, आणि मला तरी तेच बरं वाटतं. सासूबाई बरोबर असतात, त्यांच्या गुडघ्यांना फलाटांचे जिने झेपत नाहीत.

मात्र पार्किंगचा पास आधीच ऑनलाइन घ्यायचा. तिथे जाऊन खिडकीवर नोटा मोजू म्हणाल तर तसं नसतं. शेजारच्या अमेरिकन ड्रीम मॉलमध्ये गाडी लावून चालत जाऊ, ही युक्ती आपल्याआधी बऱ्याच जणांना सुचलेली आहे, त्यामुळे कार्यक्रमाच्या दिवशी तिथले नियम वेगळे असतात. त्या फंदात पडू नका.

एडिसनकरांसाठी खास: टर्नपाइकने, म्हणजे टोलच्या हायवेने, येताना नेवार्कपाशी रस्त्याच्या दोन शाखा होतात. पश्चिमेची धरायची, तरच १६ डब्ल्यू या एक्झिटला उतरता येतं. पूर्वेची धरलीत की स्टेडियम डावीकडे लांबून दिसत राहतं आणि आपण पुढे.

आणि गाडी लावली की तिथल्या खांबावरचं अक्षर-आकडा यांचा फोटो काढा. काढाच. रात्री अकराला तिथे सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात. निम्म्या टोयोटा, त्यातल्या निम्म्या राखाडी.

जर्सी सिटीहून

वहिनी, जाताना गाडी ठीक आहे हो, बाहेर कसं पडता? ८२,५०० खुर्च्यांचं स्टेडियम आहे. मित्राच्या गाडीने गेलो होतो तेव्हा शेवटचं गाणं संपल्यावर पार्किंग लॉटमधून रस्त्याला लागेपर्यंत आम्ही सोबतचा सगळा चिवडा संपवला. उबर बोलवावी तर भाडं बघूनच चालत निघावंसं वाटतं, आणि चालत तरी कुठे जाणार, चहूकडे हायवे आणि दलदल.

मी आता होबोकनहून सिकॉकसला जातो आणि तिथून शटल. एकटा माणूस असेल तर याला तोड नाही.

पार्सिपनीहून वहिनी

आम्ही शेवटची दोन गाणी सोडून निघतो. हे तुम्हा तरुणांना जमायचं नाही.

एडिसनहून, यंदाच सभासद झालेली

शेवटची दोन गाणी सोडायची हे मी यांना सांगून पाहिलं. घरात शांतता पसरली आहे. तेव्हा तो मार्ग बंद.

मग परतीच्या ट्रेनला किती गर्दी असते? धाकट्याला घेऊन भीती वाटते. २०१४ साली इथेच सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, झाली तेव्हा फार हाल झाले होते असं ऑफिसमध्ये ऐकलं.

मेटुचेनहून काका

झाले होते, खरं आहे. त्या वेळी स्टेडियमचं बरंचसं पार्किंग सुरक्षेसाठी काढून घेतलं होतं आणि सगळ्यांना ट्रेनने या असं सांगितलं होतं. लोकांनी ऐकलं, इतकं ऐकलं की अंदाजाच्या दुपटीने माणसं सिकॉकसला जमा झाली. जाताना त्या बंदिस्त जागेत काही जणांना घेरी आली आणि येताना फलाटावर पोहोचायलाच रांगा. २०१९ साली रेसलमेनियाचा कुस्तीचा खेळ मध्यरात्रीनंतरपर्यंत लांबला, तेव्हाही लोक स्टेशनवर पार उशिरापर्यंत ताटकळले.

दोन्हींत मूळ गोष्ट एकच. येताना लोक चार-पाच तासांत विखरून येतात. कुणी दुपारी तीनला येतो, कुणी पहिला कलाकार अर्ध्यावर आल्यावर. परत निघताना सगळे एकाच दहा मिनिटांत दारात. ट्रेन असो की लॉट, ती दहा मिनिटं कुणाला चुकत नाहीत. फरक इतकाच, की ट्रेनच्या रांगेत तुम्ही हळूहळू का होईना पुढे सरकत असता, आणि स्टेअरिंग आपल्या हातात नसतं.

आता परतीचं. शटल सिकॉकसला सोडेल. तिथून ट्रेंटनची गाडी पकडायची. त्याच बाजूने नॉर्थ जर्सी कोस्टची गाडीही येते, लाँग ब्रँचकडे जाणारी. ती राहवेनंतर किनाऱ्याकडे वळते. झोपेत तिच्यात चढलात तर मेट्रोपार्क, मेटुचेन, एडिसन काहीच लागणार नाही. पाटी वाचून चढा. रात्री उशिरा दोन गाड्यांमधलं अंतर वाढतं, आणि रविवार म्हणजे सुट्टीचं वेळापत्रक. शेवटच्या दोन-तीन गाड्यांच्या वेळा आधीच कागदावर लिहून घ्या. कार्यक्रम सुटताना ऐंशी हजार फोन एकदम जागे होतात, तेव्हा अ‍ॅप उघडेलच असं नाही.

सोमवारी लेबर डे आहे, ऑफिस-शाळा नाही, हे तुमचं नशीब.

वेस्ट विंडसरहून

काकांनी एक सांगितलं नाही. नेवार्क आणि सिकॉकसच्या मध्ये हॅकेनसॅक नदीवर पोर्टल पूल आहे, १९१० सालचा. बोट आली की तो आडवा फिरतो, आणि कधीकधी फिरल्यावर परत जागेवर बसत नाही. मग माणसं घण घेऊन ठोकून बसवतात. थट्टा करत नाहीये, बातम्यांत आलेलं आहे. शेजारी नवा पूल उभा राहतोय, पण रविवारी तुम्ही जुन्यावरूनच जाणार. तेव्हा कार्यक्रमाच्या वेळेला चिकटून निघू नका, दीड-दोन तास हाताशी ठेवा.

आणि सकाळी एकदा एनजे ट्रान्झिटची, म्हणजे या गाड्या चालवणाऱ्या संस्थेची, सूचना वाचा. मे महिन्यात त्यांच्या ट्रेनचालकांचा संप झाला, तेव्हा १५ तारखेला शकीराच्या कार्यक्रमाला जाणाऱ्या गाड्या आणि बस त्यांनी आधीच रद्द केल्या होत्या. संप सुरू व्हायचा होता मध्यरात्रीनंतर, म्हणजे माणसं पोहोचली असती आणि अडकली असती. ज्यांनी सूचना वाचली नाही त्यांचं काय झालं असेल देव जाणे.

सचिव

मंडळी, चर्चा उत्तम चालली आहे, पण रविवारी गौरी आवाहन आहे याची कुणाला आठवण आहे का? हळदीकुंकू सोमवारी, गौरीपूजनाच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता मंडळाच्या हॉलमध्ये. रविवारी कुणी कुठे जावं याबद्दल समितीचं काही म्हणणं नाही.

एडिसनहून, यंदाच सभासद झालेली

गौरी आमच्याकडेही आहेत. सकाळीच आणणार, दुपारी शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य, आणि तीनला घराबाहेर. सासूबाई घरी थांबतात, त्या म्हणाल्या, "तुम्ही जा, त्या भावांना एकदाचं बघून घ्या."

तर ठरलं. मेट्रोपार्कला गाडी लावायची, पुढे ट्रेन. रात्री एडिसनला उतरून घरापर्यंत चालत जाणं धाकट्याला जमणार नाही, म्हणून मेट्रोपार्क. बॅगेचं काय? आणि पाऊस आला तर?

जर्सी सिटीहून

बॅग आरपार दिसणारी, बारा इंच रुंद, बारा उंच, सहा जाड, त्याहून मोठी नाही. पर्स न्यायचीच असेल तर तळहाताएवढी. नेहमीची पाठीवरची सॅक घेऊन आलात तर गेटवरून परत, आणि गाडी असते मेट्रोपार्कला.

स्टेडियमला छप्पर नाही आणि छत्री आत नेऊ देत नाहीत. घडीचे रेनकोट न्या. कार्यक्रमाची तिकिटं घरीच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा, स्क्रीनशॉट गेटवर चालत नाही.

मेटुचेनहून काका

आम्हीही रविवारी त्या बाजूलाच आहोत, मुलाकडे, गाडीनेच. रात्री गाड्यांचा घोळ झाला तर फोन करा, नंबर सचिवांकडे आहे. सिकॉकसला घ्यायला येईन. स्टेडियमच्या दारात मात्र येणार नाही.

सचिव

सोमवारच्या पुरणपोळ्यांची ऑर्डर कृपया याच विषयाखाली पाठवू नये. तिघांनी पाठवली आहे, त्यातल्या एकीत पोळ्यांच्या संख्येच्या जागी लॉटचं अक्षर आलं आहे.