मंदीत कर कमी झाला, पण हजेरी कुणाची टिकली?

उद्यमबागकर: जगात मंदी येणार अशी चर्चा सुरू झाली की मला २००८ आठवतं. सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली आणि दिवाळीपर्यंत बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या फाउंड्रीच्या शेडमधल्या कास्टिंगच्या, म्हणजे धातूच्या ओतीव भागांच्या, ऑर्डरी निम्म्यावर आल्या. भट्टी आठवड्यातून दोनदाच पेटायची. ठेकेदाराकडचे साचे बनवणारे मोल्डर आणि ओतलेला माल घासून साफ करणारी फेटलिंगची पोरं पहिल्यांदा घरी बसली. डिसेंबरात केंद्रानं बहुतेक मालावरचं उत्पादन शुल्क ४ टक्क्यांनी उतरवलं, फेब्रुवारीत आणखी २. पण माल उचलायलाच कोण नाही, तर सूट कशावर मिळणार? मंदीत सरकारनं हात सैल सोडावा, पण पैसा मजुरीतून जाऊ दे. हजेरीचा पैसा त्याच संध्याकाळी किराणा दुकानात येतो.

हिशेबी निपाणीकर: उद्यमबागकर, तुमची कळकळ पटते, हिशेब पटत नाही. अमेरिकेनं फेब्रुवारी २००९ मध्ये मंदीवर उपाय म्हणून ७८७ अब्ज डॉलरचं पॅकेज काढलं. तिथल्या सल्लागारांचा अंदाज होता, बेकारी ८ टक्क्यांच्या आत राहील. ऑक्टोबरात ती १० वर गेली. आपल्याकडं महागाईपायी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं कर्ज देते तो, मार्च २०१० मधल्या ४.७५ वरून ऑक्टोबर २०११ पर्यंत ८.५० वर न्यावा लागला. माझ्या सीसीचं, म्हणजे धंद्यासाठी घेतलेल्या कॅश क्रेडिट कर्जाचं, व्याज कुठं गेलं बघा की. सरकारी खर्च शेवटी आमच्याच खात्यावर पडतो.

खानापूरची लेक: काका, ते पॅकेज मंजूर झालं तेव्हाच तिथली बेकारी ८ च्या पुढं गेली होती. खड्डा किती खोल हेच आधी कळलं नव्हतं. आणि २००९ ला पाऊस सरासरीपेक्षा २२ टक्के कमी पडला, त्या महागाईचं खापर एकट्या खर्चावर का?

माझा भाऊ उद्यमबागेतून परत आला तेव्हा आईचं रोजगार हमीचं जॉब कार्ड होतं. दोघं तळ्यातला गाळ काढायला गेली. बाई-पुरुषाला मजुरी सारखीच. आमची चूल त्यावर पेटली. पैसे हातात यायला दोन महिने लागले, तोवर वाण्यानं उधारी सांभाळली, हेही खरं.

हिशेबी निपाणीकर: ताई, मोल्डिंगचा हात बसलेल्या पोरानं गाळ उपसायचा, म्हणजे त्याचं कसब गेलंच की. परत फाउंड्रीत आला का तो?

खानापूरची लेक: नाही. पुण्याला गेला. आता वॉचमन आहे.

उद्यमबागकर: इथं काकांचं मानतो. जर्मनीनं २००९ मध्ये माणसं न काढता कामाचे तास कमी करून, बुडालेल्या पगारातला मोठा वाटा सरकारी निधीतून भरला. १० लाखांहून जास्त कामगार त्यावर होते. निर्यात आपटली, तरी तिथं बेकारी फारशी वाढली नाही. पण काका, तोही सरकारी खर्चच. आणि इथं तो द्यायचा कुणाच्या नावानं? आमच्या शेडमध्ये तीस जण होते, पीएफ नऊ जणांचा. बाकीच्यांची नावं ठेकेदाराच्या वहीत, तीही पेन्सिलीनं.