अनुभव धागा: शाबासकी टीकेपेक्षा जड का जाते?

खोट काढायला एक चूक पुरते, शाबासकीसाठी सगळं काम बघावं लागतं. शिकवणाऱ्यांनी, तपासणाऱ्यांनी लिहा: नेमकं काय बोलता, कुठे फसतं? 'सकारात्मक राहा' छापाचे सल्ले नकोत.

•

पोहणं शिकवते. फ्रीस्टाइलमध्ये श्वासासाठी डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली जातात. ही चूक पोहता न येणाऱ्यालाही काठावरून दिसते. पण डोकं नुसतं कुशीला वळलंय, गॉगलची एक काच पाण्यातच राहिलीय, हे दिसायला श्वासाच्या बाजूनं काठाकाठानं चालावं लागतं. बरोबर चाललेल्या गोष्टीवर नजर अडत नाही, हीच तर अडचण. म्हणून एका लांबीत (तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत) एकच गोष्ट बघायची आणि काठाला हात लागल्या लागल्या सांगायची: "तिसऱ्या श्वासाला एक डोळा पाण्यात होता. पुढचे चार तसेच घे." नुसतं "छान!" म्हटलं तर मूल पुढच्या लांबीत दणादण हात मारतं. त्याला वाटतं, कौतुक वेगाचं झालं.

•

वरच्या प्रतिसादाला जोड. "शाबासकी दिली की पोरं बिघडतात" असं अनुभवी प्रशिक्षक छातीठोक सांगतात. इस्रायली हवाई दलातल्या एका प्रशिक्षकानं मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांच्यापुढे हेच मांडलं होतं. शाबासकीनंतरचा प्रयत्न बिघडतो, ओरड्यानंतरचा सुधारतो, हे त्याचं निरीक्षण खरं होतं, निष्कर्ष चुकीचा. शाबासकी मिळते सर्वोत्तम प्रयत्नानंतर, ओरडा मिळतो सगळ्यात वाईट प्रयत्नानंतर. पुढचा प्रयत्न दोन्हीकडे आपसूक नेहमीच्या पातळीकडे सरकतो. श्रेय ओरड्याला, खापर शाबासकीवर!

पटत नसेल तर वर्गात करून बघा. खुणेकडे पाठ करून प्रत्येकानं दोनदा नाणं फेकायचं, अंतरं फळ्यावर लिहायची. पहिल्या फेरीत खुणेजवळ पडलेल्यांपैकी बहुतेकांची नाणी दुसऱ्या फेरीत लांब जातात, कुणी चकार शब्द न काढता. त्यामुळे एका प्रयत्नावरून ठरवू नका. दहाची सरासरी काढा, मग पुढच्या दहांशी ताडा.

•

कोड रिव्ह्यू करणाऱ्यांचं, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्राम तपासणाऱ्यांचं दुखणं वेगळं: चुका काढणारा हुशार दिसतो. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिली यांच्या १९८३च्या शोधनिबंधात वाचकांनी कडक पुस्तक परीक्षण लिहिणाऱ्याला जास्त बुद्धिमान ठरवलं (आणि कमी आवडता). मग "मस्त" लिहून भोळं कोण दिसणार? उपाय एकच, कारण लिहा: "रिकामी यादी सुरुवातीलाच परत पाठवलीस, त्यामुळे खालच्या दोन अटी लिहायची गरजच उरली नाही." असं लिहायला कोड खरंच वाचावा लागतो, वेळ तिथेच जातो.

•

संपादनात कौतुक-टीका-कौतुक हे सँडविच मी बाद केलंय. लेखकाला 'पण'च्या पुढचंच ऐकू येतं, आणि दोनचार खेपांनंतर कौतुक सुरू झालं की तो पुढच्या फटक्याची वाट बघतो. चांगल्या ओळीखाली रेघ मारून समासात दोन शब्द लिहिते: "इथे थांबले." दुरुस्त्यांचा कागद वेगळा.

•

मुलांना "हुशार आहेस" म्हणू नका. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८च्या प्रयोगांत असं ऐकलेल्या मुलांचा कल पुढे सोप्या कोड्यांकडे गेला. मेहनतीचं कौतुक झालेल्यांपैकी बहुतेकांनी शिकायला मिळेल अशी कोडी मागितली.

•

पोहण्याच्या ताई, मोठ्यांनाही असंच सांगता?

•

हो, पण चारचौघांत नाही. मोठी माणसं संकोचतात आणि पुढची लांबी घाईत उरकतात. काठाशी उकिडवं बसून हळू आवाजात सांगायचं. कानात पाणी असतं, दोनदा सांगावं लागतं.