शस्त्रनियंत्रणातील पारदर्शकता: किती दाखवायचे आणि कोणाला?

जिज्ञासू (चर्चाप्रस्ताव)

आंतरराष्ट्रीय शस्त्रनियंत्रणाविषयीच्या ठरावांमध्ये ‘पारदर्शकता वाढवावी’ ही शिफारस हमखास आढळते आणि तिला उघड विरोध करणारा देश विरळाच. प्रत्यक्षातील चित्र मात्र निराळे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९१ मध्ये पारंपरिक शस्त्रांची नोंदवही स्थापन केली. रणगाडे, चिलखती वाहने, मोठ्या तोफा, लढाऊ विमाने, लढाऊ हेलिकॉप्टरे, युद्धनौका आणि क्षेपणास्त्रे या सात वर्गांतील आयात-निर्यात प्रत्येक देशाने दरवर्षी ३१ मेपर्यंत कळवावी, अशी तिच्यामागील अपेक्षा आहे. या शतकाच्या आरंभी शंभराहून अधिक देश अहवाल पाठवत असत. नंतरच्या काळात ही संख्या बरीच घसरली. अहवाल न पाठवणाऱ्या देशाला कोणतीही शिक्षा नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. लष्करी सामर्थ्याचा काही भाग गुप्ततेवरच उभा असतो, तर एखाद्या देशाने आपली माहिती आपण होऊन प्रतिस्पर्ध्याच्या हाती का द्यावी? आणि एखादा देश खोटे सांगू शकत असेल किंवा सरळ गप्प बसू शकत असेल, तर अशा घोषणांना कागदापलीकडे किंमत ती काय? जाणकारांनी शक्यतो उदाहरणांसह लिहावे, ही विनंती.

आलेख

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यातच आहे. माहिती जाहीर करणे आणि जाहीर केलेली माहिती दुसऱ्याला तपासता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ठरावांच्या भाषेत त्या सर्रास एकत्र केल्या जातात. नोंदवही पहिल्या प्रकारात मोडते. तरीही ती अगदीच निरुपयोगी नाही, कारण विकणारा आणि घेणारा असे दोघेही कळवतात, आणि एकाने गाळलेला व्यवहार दुसऱ्याच्या अहवालात सापडू शकतो.

दुसऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे २०११ मध्ये अमलात आलेला अमेरिका-रशिया ‘न्यू स्टार्ट’ करार. त्यात तैनात वॉरहेडची (म्हणजे क्षेपणास्त्राच्या टोकाशी बसवलेल्या अण्वस्त्रांची) मर्यादा प्रत्येक देशासाठी १५५० होती आणि वर्षाला १८ प्रत्यक्ष तपासण्यांची मुभा होती. यातील तपशील पाहण्यासारखे आहेत. तपासणी पथक येत असल्याची सूचना काही तास आधी दिली जाई, पण कोणता तळ पाहायचा हे पथक त्या देशात उतरल्यावरच सांगे, आणि त्यानंतर त्या तळावरील हालचालींवर निर्बंध येत. तळावर पोहोचल्यावर यजमान अधिकारी तेथील प्रत्येक तैनात क्षेपणास्त्रावर किती वॉरहेड आहेत ते सांगत. मग पथक त्यांपैकी एक क्षेपणास्त्र स्वतः निवडे. वॉरहेडवर आच्छादने घातलेली असत. ती अशा बेताने की आत किती वस्तू आहेत हे मोजता यावे, पण त्यांची रचना दिसू नये. एखादी वस्तू अण्वस्त्र नाही असा यजमानांचा दावा असेल, तर किरणोत्सार मोजण्याचे उपकरण लावून तो पारखता येई.

म्हणजे गुप्तता आणि पारदर्शकता एकाच खोलीत, एकाच आच्छादनाखाली नांदत होत्या. काय दाखवायचे आणि काय झाकायचे याची वाटाघाट आधीच झालेली असल्यामुळे दोन्ही बाजूंना ते परवडत होते. कोरोनाच्या महासाथीमुळे मार्च २०२० मध्ये या तपासण्या थांबल्या, फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाने करारातील आपला सहभाग स्थगित केला, आणि मुळात कराराची मुदतच ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंत होती.

राहिला प्रश्न आपण होऊन माहिती का द्यावी याचा. यासाठी दक्षिण आफ्रिका आणि इराक यांची तुलना करावी. दक्षिण आफ्रिकेने सहा अण्वस्त्रे तयार करून नंतर ती स्वतःच मोडीत काढली, १९९१ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केली आणि २४ मार्च १९९३ रोजी राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत हा कार्यक्रम जाहीर केला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना उत्पादनाच्या नोंदी आणि जागा पाहू देण्यात आल्या, आणि अण्वस्त्रांसाठी लागणाऱ्या समृद्ध युरेनियमचा हिशेब त्यांना तपासता आला. इराकने १९९१ च्या उन्हाळ्यात आपल्याकडील प्रतिबंधित अस्त्रांचा मोठा साठा गुपचूप, निरीक्षकांच्या अनुपस्थितीत नष्ट केला. पुढे ‘आमच्याकडे काही उरलेले नाही’ हे त्याचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे असूनही त्याला ते सिद्ध करता आले नाही, आणि २००३ च्या युद्धासाठी जी कारणे पुढे केली गेली त्यांत हा न जुळलेला हिशेब ठळक होता. निरपराधित्व सिद्ध करण्याची सोय वेळीच करून ठेवावी लागते. पारदर्शकतेत देशाचा स्वार्थ असतो तो हा.

पूर्वपक्ष

आलेख यांनी चांगले मांडले आहे, परंतु त्यांनी निवडलेले मुख्य उदाहरण दोन तुल्यबळ देशांचे आहे. जेथे बळ विषम असते, तेथे पारदर्शकतेचा भारही विषम पडतो. ज्याच्याकडे हजारो वॉरहेड आहेत त्याने संख्या सांगितली तरी त्याचे काही बिघडत नाही. ज्याच्याकडे थोडी आहेत, त्याचा बचाव नेमकी किती आणि कोठे हे शत्रूला न कळण्यावरच अवलंबून असतो. अमेरिकेने २०१० मध्ये आपला साठा ५११३ वॉरहेडचा असल्याचे जाहीर केले, हे स्वागतार्ह होते. पण चीन असा आकडा जाहीर करत नाही यात केवळ लबाडी पाहणे एकांगी ठरेल. शिवाय ब्रिटनसारख्या देशानेही २०२१ मध्ये साठ्याची कमाल मर्यादा २६० पर्यंत वाढवली आणि त्याच दमात यापुढे आपण प्रत्यक्ष साठ्याचे आकडे देणार नाही असे सांगितले. उपदेश करणारेही सोयीनुसार पडदा ओढतात.

नोंदवहीचे म्हणाल तर तिची रचनाच अनेकांना मान्य नव्हती. तीत पारंपरिक शस्त्रे येतात, अण्वस्त्रे येत नाहीत, त्यामुळे आमचे रणगाडे उघड आणि शेजाऱ्याची अण्वस्त्रे झाकलेली अशी स्थिती होते, हा अरब देशांचा आक्षेप जुना आहे. चीन ज्याला आपलाच भाग मानतो त्या तैवानला दिलेल्या शस्त्रांची नोंद अमेरिका करत असे म्हणून चीनने काही वर्षे अहवाल देणे बंद केले होते आणि २००७ मध्ये ते पुन्हा सुरू केले.

तपासणी पथकांचाही इतिहास स्वच्छ नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५५ मध्ये एकमेकांच्या प्रदेशावरून टेहळणीची विमाने उडवू देण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा सोव्हिएत नेतृत्वाने ती हेरगिरी ठरवून नाकारली. हा संशय अतिरेकी म्हणावा, तर इराकमधील संयुक्त राष्ट्रांच्या तपासणीच्या आडून अमेरिकी गुप्तहेर यंत्रणेने स्वतःसाठी माहिती मिळवल्याच्या बातम्या १९९९ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांनीच छापल्या. एकदा असे घडले की पुढच्या प्रत्येक निरीक्षकाकडे यजमान देश कोणत्या नजरेने पाहील, हे वेगळे सांगायला नको.

सूक्ष्मदर्शी

येथे सगळा भर अण्वस्त्रांवर पडला आहे, म्हणून जैविक अस्त्रांविषयी लिहितो. जैविक अस्त्रबंदी करार १९७५ पासून अमलात आहे, पण त्यात पडताळणीची यंत्रणाच नाही. ती निर्माण करण्यासाठी चाललेल्या वाटाघाटी २००१ मध्ये अमेरिकेने मसुदा नाकारल्यावर कोसळल्या. आज आहे ते इतकेच, की १९८६ मध्ये ठरल्याप्रमाणे सदस्य देशांनी आपल्या प्रयोगशाळा आणि रोगांचे असाधारण उद्रेक यांची माहिती दरवर्षी परस्परांना द्यावी. अलीकडे निम्म्याच्या आसपास देश ती देतात, आणि अनेकांची विवरणे सर्वांसाठी खुली नसतात.

सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क शहराचे प्रकरण यासाठी अभ्यासण्याजोगे आहे. एप्रिल १९७९ मध्ये त्या शहरातील लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे जंतू हवेत सुटले आणि किमान ६६ माणसे दगावली. दूषित मांसामुळे हे घडले, असे सोव्हिएत सरकार सांगत राहिले; १९९२ मध्ये रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी लष्कराचा संबंध मान्य केला. अमेरिकी शास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांच्या पथकाने तेथे जाऊन मृतांच्या नातेवाइकांशी बोलून, प्रत्येक रुग्ण त्या दिवसांत दिवसा कोठे होता हे नकाशावर मांडले. बहुतेक सारे बिंदू लष्करी केंद्रापासून शहराच्या दक्षिण टोकापर्यंत जाणाऱ्या एका अरुंद पट्ट्यात आले. त्याच दिशेला पुढे, ५० किलोमीटरपर्यंतच्या गावांत जनावरे मेली होती. २ एप्रिल रोजी वारा ज्या दिशेने वाहत होता, त्याच रेषेत हा पट्टा होता. मांसाची गोष्ट तेथेच संपली.

पूर्वपक्ष यांचा विषमतेचा मुद्दा मान्य करूनही मी म्हणेन, की जैविक अस्त्रबंदी करारावर सही करणारी सोव्हिएत महासत्ताच जैविक अस्त्रांचा प्रचंड कार्यक्रम चालवत होती, आणि तिला विचारण्याचा रस्ता करारात जवळजवळ नव्हता. अर्थात येथे पडताळणी खरोखरच अवघड आहे. जी टाकी लस तयार करते तीच जंतू वाढवू शकते, साठा काही दिवसांत नव्याने उभा करता येतो, आणि औषध कंपन्यांना आपली प्रक्रिया उघड होण्याची भीती असते. रासायनिक अस्त्रांबाबत अशाच अडचणी असूनही १९९७ पासून हेगमधील रासायनिक अस्त्रबंदी संघटना कारखान्यांची नियमित तपासणी करत आहे आणि जुलै २०२३ मध्ये जाहीर साठ्यांपैकी अखेरचा साठाही तिच्या देखरेखीखाली नष्ट झाला. त्यामुळे अडचण केवळ तांत्रिक आहे, असे मला वाटत नाही.

जिज्ञासू

सर्वांचे आभार. एक उपप्रश्न: आता खासगी उपग्रहांची छायाचित्रे विकत मिळतात. करार मोडले तरी त्यांच्या आधारे पारदर्शकता टिकेल काय?

आलेख

अंशतः. २०२१ च्या उन्हाळ्यात चीनच्या वाळवंटी भागांत, युमेन आणि हामीजवळ, क्षेपणास्त्रांचे शंभराहून अधिक सायलो (क्षेपणास्त्र ठेवून डागण्याची जमिनीखालील विवरे) एकेका ठिकाणी बांधले जात असल्याचे स्वतंत्र अभ्यासकांनी अशाच छायाचित्रांवरून ओळखले. पण छायाचित्रात सायलोचे झाकण दिसते; आत क्षेपणास्त्र आहे की नाही आणि त्यावर किती वॉरहेड आहेत, हे दिसत नाही. शिवाय छायाचित्र कोणाला विकायचे आणि कधी रोखायचे, हे कंपनी आणि तिचे सरकार ठरवते. एकमेकांच्या प्रदेशावरून टेहळणीची उड्डाणे करू देणाऱ्या, २००२ पासून अमलात असलेल्या ‘ओपन स्काइज’ करारात उड्डाणाच्या वेळी पाहणाऱ्या आणि पाहिल्या जाणाऱ्या अशा दोन्ही देशांचे लोक विमानात असत, आणि टिपलेली छायाचित्रे कोणताही सदस्य देश मागू शकत असे. स्वतःचे उपग्रह नसलेल्या लहान देशांना त्याचे मोल फार होते. अमेरिका २०२० मध्ये आणि रशिया २०२१ मध्ये त्यातून बाहेर पडला.

पूर्वपक्ष

यावर एक पुस्ती जोडतो. पारदर्शकता जनतेसाठीच असते असे नाही. भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला आणि त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश अक्षांश-रेखांशांसह अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी असताना १ जानेवारी २००२ रोजीही ही देवघेव झाली. याद्या प्रसिद्ध होत नाहीत आणि त्या तपासण्याची कसलीही तरतूद नाही. मात्र यादीत न दिलेल्या ठिकाणासाठी करारातील संरक्षणाचा दावा करणे अवघड जाणार, त्यामुळे एखादे केंद्र गाळण्याची किंमत गाळणाऱ्यालाच मोजावी लागते.