मदत हवी आहे : ४० गिगाबिटचं कार्ड, पण घरचा फायरवॉल ९ वरच अडतोय

जुन्या ऑफिस पीसीत फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा फायरवॉल टाकलाय. सहा कोर, १६ जीबी रॅम, सेकंडहँड दोन पोर्टचं ४० गिगाबिट कार्ड. कार्ड आठ लेनचं (लेन म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डमधली डेटाची वाट), पण पीसीआयई ३.० स्लॉटमध्ये चारच लेन मिळतात. म्हणजे जेमतेम ३१ गिगाबिट, हे मान्य आहे.

तरी एनएएस (नेटवर्कवरचं स्टोरेज) आणि एडिटिंगच्या मशीनमध्ये, दोन वेगळ्या व्हीलॅनवर (एकाच वायरिंगवरची वेगळी नेटवर्क, त्यांच्यातला डेटा फायरवॉलमधूनच जातो), वेग मोजणारा आयपर्फ ९ गिगाबिटवरच थांबतो. आठ स्ट्रीम लावले तरी तेवढाच. त्या वेळी टॉपमध्ये (प्रोसेसरचा वापर दाखवणारी कमांड) एक कोर १०० टक्के, बाकीचे पाच निवांत!

टीएसओ, एलआरओ (पॅकेटं तोडण्या-जोडण्याच्या सोयी) बंद केलं, केबल बदलली. हीटसिंकला बोट लावता येत नव्हतं, म्हणून पंखा बसवला. आयपीएस (घुसखोरी रोखणारी तपासणी) बंदच आहे. टीव्ही, प्रिंटर त्याच नेटवर्कवर असल्यामुळे एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १५०० बाइटच ठेवायचाय; नवं मशीन परवडणार नाही.

आरएसएस (येणारी पॅकेटं वेगवेगळ्या कोरना वाटणारी सोय) चालू केलं आणि नेटआयएसआरचे (फ्रीबीएसडीचा पॅकेटं हाताळणारा भाग) थ्रेड वाढवले, तर काम सगळ्या कोरवर वाटलं जाईल का? कुणी प्रत्यक्ष करून पाहिलंय का, आणि आकडा कितीवर गेला?