रात्री गाडी उभी केली की सकाळी बॅटरी डाऊन, नवीन टाकूनही तेच

जुळे_सोलापूरवाला:
नमस्कार मंडळी, जरा अडचणीत आहे. २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, मार्चमध्ये ३५ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण क्षमता) ची नवी बॅटरी टाकली तरी आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी सेल्फ उचलत नाही, नुसतं टक टक टक. रात्री एका झटक्यात चालू होते आणि सकाळी मेलेली. वडिलांना सकाळी सातला दवाखान्यात न्यायचं असतं, त्यामुळे झोपतानाच धाकधूक. गॅरेजवाला म्हणतो बॅटरी खराब, बॅटरीवाला म्हणतो बॅटरी ओके वायरिंग बघा, मी दोघांच्या मधे फिरतोय. डिकीचा दिवा, आतला दिवा सगळं बंद असतं, बघितलंय. रनिंग म्हणजे इथल्या सात रस्ता चौकापर्यंत जाऊन येऊन, तेवढंच. मल्टिमीटर घरी आहे, कुठून सुरू करू?

होटगीरोड_इलेक्ट्रिक:
भाऊ आधी बॅटरी का गाडी ते ठरवा, बाकी नंतर. आज गाडी बंद करून तासभर थांबा, १० नंबर पान्याने निगेटिव्ह सोडा आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. १२.६ च्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे संपलीच धरा. सकाळी टर्मिनल जोडायच्या आधी परत मोजा. तेवढंच असेल तर बॅटरी धरून ठेवतेय आणि गाडी खातेय, निगेटिव्ह सुटलेलं असूनही उतरली तर बॅटरीच आतून गेली. आणि गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला पाहिजे, नाहीतर अल्टरनेटर भरतच नाहीये. फुकटात होतं हे सगळं, पान्याशिवाय काय लागत नाही.

बाळ्याचा_पाहुणा:
बरोबर, पण सोलापूरच्या उन्हाचं पण बघा ओ. ४३-४४ डिग्रीत दिवसभर उघड्यावर उभी राहणारी गाडी, बॅटरीचं आयुष्य इथे कमीच. झाकणाची बॅटरी असेल तर पाणी बघा, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर टाका, नळाचं नको.

जुळे_सोलापूरवाला:
केलं. रात्री १२.५, सकाळी पण १२.५, गाडी लगेच चालू. चालू गाडीत १४.२. म्हणजे गाडीच खातेय ना? आता पुढे?

होटगीरोड_इलेक्ट्रिक:
हो, गाडीच. आता करंट मोजायचा, इथे घाई करू नका. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, निगेटिव्ह केबल सोडून केबल आणि बॅटरीच्या टर्मिनलच्या मधे मीटर लावा. मीटर लागलेला असताना सेल्फ मारायचा नाही, किल्ली ऑन पण करायची नाही, मीटरचा फ्यूज उडेल. फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली असणार, म्हणजे दार उघडं ठेवावं लागणार आणि आतला दिवा लागून रीडिंग चुकणार, म्हणून दाराचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद झाल्यासारखं करा. मग अर्धा तास गाडीला हातच लावू नका, आतली युनिटं झोपायला वेळ लागतो, लगेच बघितलं तर दोन-तीन अँपिअर पण दिसतील आणि तुम्ही उगाच घाबराल. अर्ध्या तासाने ०.०५ च्या आत असेल तर नॉर्मल, तेवढ्याने दोन आठवड्यात पण बॅटरी निम्मी होत नाही. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, आकडा कुठे पडतो बघा.

अक्कलकोटरोड_एमआयडीसी:
सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर अल्टरनेटर विसरू नका, त्याची जाड वायर या फ्यूजांमधून जातच नाही. आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लीक झाला तर रात्रभर उलटा करंट पितो आणि दिवसा चार्जिंग बरं दाखवतो. आमच्या टेंपोला तेच होतं, दोन बॅटऱ्या बदलल्यावर कळलं. ती वायर सोडायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडायचं, नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी.

जुळे_सोलापूरवाला:
सापडलं!! अर्ध्या तासाने १.३ अँपिअर. एकेक फ्यूज काढत गेलो आणि रेडिओचा काढला की एकदम ०.०३. पण टेप तर बंद होता म्हणून डोकं चालेना, मग सीटखालच्या अँप्लिफायरला हात लावला तर गाडी एवढा वेळ बंद असून तो कोमट. गड्डा यात्रेच्या वेळी जानेवारीत बसवून घेतला होता, बसवणाऱ्याने रिमोटची (अँप्लिफायर चालू-बंद करणारी) वायर टेपच्या निळ्या वायरला न जोडता कायम करंट असलेल्या पिवळ्याला जोडलीय, म्हणजे टेप बंद असला तरी अँप्लिफायर चालूच. रात्रीच्या दहा तासात १३ एएच गेले आणि माझ्या एवढ्याशा रनिंगमध्ये ते भरून येणार कुठून. जुनी बॅटरी मार्चमध्ये गेली म्हणून फेकली ती पण यानेच गेली असणार, फार वाईट वाटलं. वायर निळ्यावर घेतली, आता ०.०३ वर स्थिर. खूप आभार मंडळी.

होटगीरोड_इलेक्ट्रिक:
मस्त काम केलंत. अजून एक करा, इतक्यांदा पूर्ण उतरलेली बॅटरी गाडी फिरवून नीट भरत नाही, चार्जरवर ३-४ अँपिअरने रात्रभर लावा. मग मीटर परत व्होल्टवर घेऊन बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलला लावा आणि सेल्फ मारताना बघा, ९.६ व्होल्टच्या खाली गेलं तर तिला मार बसलाय. गेलंच तर वॉरंटीचं कार्ड घेऊन जा, आणि आठवडाभर तरी, वडिलांची दवाखान्याची तारीख असेल त्याच्या आदल्या रात्री तर नक्कीच, व्होल्टेज बघून झोपा.